तेलाचा द्रोण: दोन चिरंजीवांच्या मैत्रीवरील चित्रकथेच्या कामाच्या नोंदी

या नोंदी चोवीस पानांची कृष्णधवल चित्रकथा तयार होत असताना ठेवल्या आहेत. पुराणांतील पात्रे घेऊन स्वतंत्र चित्रकथा करू पाहणाऱ्यांना कुठे अडायला होते आणि त्यातून वाट कशी निघते, हे कळावे एवढाच त्यांचा हेतू आहे.

6 जानेवारी 2024

जोडी ठरली. 'अश्वत्थामा बलिर्व्यासो' हा श्लोक घरोघरी म्हटला जात असल्याने सातही चिरंजीवांची नावे वाचकाला पाठ असतात. पण ते एकमेकांना कधी भेटले असतील का, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. अश्वत्थामा पहिल्यापासून निश्चित होता. त्याच्याबरोबर आधी कृपाचार्यांना घेऊन काही पाने लिहून पाहिली. ते नात्याने त्याचे मामा, आणि पांडवांच्या शिबिरात तो शिरला त्या रात्री दाराशी कृतवर्म्यासह उभे होते तेही तेच. लिहिताना असे दिसले की दोघे एकमेकांना जे सांगतात, ते दोघांनाही आधीपासून ठाऊक आहे. संवाद पुढे सरकेना. परशुराम हे द्रोणाचार्यांना अस्त्रे देणारे गुरू, त्यामुळे तिथे मैत्रीला लागणारी बरोबरी नाही. व्यासांनी तर कृष्णाच्या शापाला स्वतः दुजोरा दिला होता. हनुमंताची करुणा वाचकाने आधीच गृहीत धरलेली असते, आणि तो पानावर आला की दुसऱ्या कोणाकडे लक्षच जात नाही.

विभीषणाचे नाव लिहिले आणि कथेला पहिल्यांदा ताण मिळाला. त्याने धर्मासाठी सख्ख्या भावाला सोडले. अश्वत्थाम्याने मित्राला अखेरच्या श्वासापर्यंत सोडले नाही आणि त्यासाठी धर्म पायदळी तुडवला. यांपैकी कोणीही दुसऱ्याला 'तुझे बरोबर होते' असे म्हणू लागला, तर स्वतःचे आयुष्य चुकीचे ठरवल्याशिवाय त्याला ते म्हणता येणार नाही. ही मैत्री एकमेकांना दोषमुक्त करण्यावर उभी राहू शकत नाही. मग ती कशावर उभी राहते, एवढेच या चित्रकथेला दाखवायचे आहे.

27 जानेवारी

मूळ ग्रंथांतून नियम काढून ठेवले. आपल्या मनाने नियम बनवण्यापेक्षा हे काम आधी केलेले केव्हाही चांगले, कारण पुढच्या अनेक अडचणींची उत्तरे याच टिपणांत सापडली.

सौप्तिक पर्वातील शाप असा आहे: तीन हजार वर्षे तू पृथ्वीवर एकटा भटकशील, तुला सोबती नसेल, कोणाशी बोलता येणार नाही, अंगाला रक्ता-पुवाची दुर्गंधी येईल आणि दुर्गम अरण्ये हीच तुझी वस्ती असेल. आपण सर्रास 'अश्वत्थामा अजून भटकतो आहे' असे म्हणतो, पण ग्रंथात शापाला मुदत आहे. कलियुगाचा आरंभ इ.स.पू. 3102 आणि युद्ध त्याच्या 36 वर्षे आधी, हा परंपरेचा हिशेब धरला तर ती मुदत इ.स.पू. 138च्या सुमारास संपते. चित्रकथेसाठी हा हिशेब पुरेसा आहे. शाप संपेपर्यंत अश्वत्थाम्याच्या तोंडी संवादाचा एकही फुगा येणार नाही.

दुसरी टीप मण्याची. तो मणी धारण करणाऱ्याला शस्त्र, रोग, भूक यांचे भय नसते, तसेच राक्षसांचेही भय नसते, असे अश्वत्थामा स्वतःच सांगतो. मणी गेल्यावर राक्षसाचे भय त्याला जन्मात पहिल्यांदा वाटणार, आणि नेमका त्याच वेळी समोर येतो तो लंकेचा राजा. पहिल्या भेटीचे पान इथेच ठरून गेले.

तिसरी टीप सभापर्वातली. सहदेव दक्षिण दिग्विजयाला निघाला तेव्हा विभीषणाने पांडवांना रत्ने आणि सुवर्ण यांची भेट पाठवली होती. म्हणजे अश्वत्थाम्याच्या लेखी हा राक्षस शत्रूला करभार देणाराही आहे. मैत्री होण्याला इतकी कारणे आड येत असतील, तर ती होऊ देण्याची घाई लेखकाने करू नये.

17 फेब्रुवारी

लहान आकाराचे कच्चे आराखडे पूर्ण झाले आणि त्यांतले बरेचसे बाद झाले. चिरंजीवांचे चेहरे बदलत नाहीत, त्यामुळे दोन भेटींमध्ये शतके लोटली हे चित्रातून कळत नव्हते. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक भेटीच्या वरच्या कोपऱ्यात सन घातला. परिणाम असा झाला की वाचून पाहणाऱ्यांची नजर आधी सनावर जाई, ते मनात वजाबाकी करीत आणि पात्रांकडे उशिरा पाहत. पाने इतिहासाच्या पाठ्यपुस्तकासारखी दिसू लागली.

आता सन पूर्णपणे काढून टाकले आहेत आणि काळाचे काम एका वस्तूकडे दिले आहे. लोककथांमध्ये अश्वत्थामा कपाळाच्या भळभळत्या जखमेसाठी दारोदार तेल मागत फिरतो. या कथेत विभीषण दर भेटीला तेल घेऊन येतो, म्हणजे मित्राला ते मागावे लागू नये. तेल तेच असते आणि भांडे बदलते: पानाचा द्रोण, मातीचे बोळके, चामड्याची बुधली, पितळी झारी, काचेची बाटली, शेवटी प्लास्टिकची. भांडे पाहून वाचकाला काळाचा अंदाज येतो आणि त्याच चित्रात मैत्रीही दिसते. एकाच वस्तूने दोन्ही कामे केल्यामुळे जवळजवळ तीन पाने मोकळी झाली.

9 मार्च

नदीवर बराच वेळ गेला, पण तो सत्कारणी लागला.

शापात सोबती नाही आणि बोलणे नाही. म्हणून तीन हजार वर्षे दोघांच्या मध्ये नर्मदा ठेवायची, विभीषण दक्षिण काठावर, अश्वत्थामा उत्तर काठावर, आणि तेलाचा द्रोण पाण्यातून सोडायचा, असे ठरले. शूलपाणीची झाडी परिक्रमेच्या वर्णनांमुळे मराठी वाचकाच्या परिचयाची आहे, शिवाय ती शापातल्या दुर्गम अरण्याच्या अटीत बसते. पहिल्या चित्रांमध्ये मात्र दोन दोष होते. एक तर द्रोण सरळ पलीकडे पोहोचत होता, जे वाहत्या नदीत शक्य नाही. दुसरे असे की मी दक्षिण काठावरून उत्तरेकडे पाहत चित्रे काढली होती. नर्मदा पश्चिमेकडे वाहते, त्यामुळे प्रवाह पानावर उजवीकडून डावीकडे जात होता आणि डावीकडून उजवीकडे वाचणाऱ्या डोळ्याला द्रोण सतत मागे जात असल्याचा भास होत होता.

दोन्ही दोष जागा बदलल्याने गेले. आता आपण उत्तर काठावर, अश्वत्थाम्याच्या पाठीमागे उभे आहोत. तो जवळ आणि पाठमोरा, विभीषण दूर आणि लहान, आणि पाणी वाचनाच्या दिशेने वाहते आहे. नदीला तिथे उत्तरेकडे फुगणारे वळण दिले. वळणावर प्रवाहाचा जोर बाहेरच्या काठाकडे असतो, त्यामुळे वरच्या अंगाला सोडलेला द्रोण खाली येताना आपोआप अश्वत्थाम्याच्या बाजूला लागतो. विभीषणाने हे वळण शोधून काढले असणार, अनेक द्रोण वाया गेले असणार, हे वाचकाला न सांगता कळावे म्हणून पान 5वर केवळ वाहून गेलेल्या रिकाम्या द्रोणांची एक चौकट आहे. माझ्या मते संपूर्ण कथेतील सर्वांत बोलकी चौकट हीच आहे, आणि तिच्यात दोघांपैकी कोणीही नाही.

23 मार्च

जखमेचा प्रश्न सुटला. मूळ चित्रे ए3 कागदावर काढून ए5वर छापायची म्हणजे लांबी-रुंदी निम्मी होते, 0.3 मिलिमीटरची रेघ 0.15ची होते आणि दाट रेघांची जाळी भरून काळी पडते. कपाळावरची जखम छोट्या चौकटीत टिळ्यासारखी दिसत होती, जे या पात्राच्या बाबतीत फारच विपरीत होते. आता कपाळाला कापडाची पट्टी आहे, तिच्यावर एका बाजूला डाग आहे आणि उघडी जखम फक्त एकदाच, विभीषण पहिल्यांदा स्वतःच्या हाताने तेल सोडतो त्या मोठ्या चौकटीत दिसते. त्या चौकटीत तेलाची धार काढलेली नाही. विभीषणाचा अंगठा पट्टी वर सरकवतो आहे आणि अश्वत्थाम्याने डोळे मिटायचे टाळले आहे, एवढेच आहे. पुढच्या कुणाला उपयोग व्हावा म्हणून नोंदवते: निम्म्या आकारात छापायचे असेल तर 0.5 मिलिमीटरपेक्षा बारीक पेन चेहऱ्यासाठी वापरू नये, आणि शाई करण्याआधी पेन्सिलचे पान लहान करून एकदा छापून पाहावे.

6 एप्रिल

पहिला फुगा. पान 10 हे डावीकडचे पान असल्यामुळे पान 9 उलटल्यावरच ते दिसते, म्हणून शापाची मुदत संपल्यानंतरचे पहिले वाक्य तिथे ठेवले. तीन हजार वर्षे न बोललेला माणूस काय बोलेल, या विचाराने मी त्याच्या तोंडी मोठा कबुलीजबाब लिहिला होता: झोपलेले द्रौपदीपुत्र, उत्तरेच्या गर्भावर सोडलेले अस्त्र, दुर्योधनाला दिलेला शब्द, सगळे होते. वाचणाऱ्या मैत्रिणीने शांतपणे सांगितले की हे तो विभीषणाशी बोलत नाही, तो वाचकाशी बोलतो आहे. ते खरे होते. विभीषणाला हे सगळे ठाऊक आहे; ठाऊक असूनच तो येत राहिला.

आता फुग्यात दोनच शब्द आहेत: 'तेल संपलं.' त्यावर विभीषण म्हणतो, 'आणलंय.'

संबोधनांचाही निकाल याच दिवशी लागला. 'लंकाधिपती, आपण' असे लिहिले की संवाद संगीत नाटकाच्या चालीवर जात होते. विभीषण एका युगाने मोठा आहे हे खरे. पण पुराणकथांच्या मराठीत मोठ्यांनाही 'तू' म्हणण्याची रीत आहे आणि ती इथे शोभते. तो याला 'द्रौणी' म्हणतो, हा त्याला 'लंकेश'. 'गुरुपुत्र' मुद्दाम वापरलेले नाही, कारण त्या संबोधनाने त्याला आयुष्यभर नको इतके अभय दिले.

20 एप्रिल

वेरूळला जाऊन आले. जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की तिथली लेणी मंगळवारी बंद असतात, आणि एप्रिलमध्ये स्केचिंग करायचे तर सकाळी लवकर पोहोचावे, कारण दुपारी उघड्या दगडावर हात टेकवत नाही.

कैलास मंदिर हे राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाच्या काळातले, म्हणजे इ.स.च्या आठव्या शतकातले मानले जाते. मंदिर पश्चिमाभिमुख आहे, त्यामुळे आत शिरून त्याच्याकडे तोंड केले की डाव्या हाताला उत्तर आणि उजव्या हाताला दक्षिण येते. बाह्य भिंतींवर उत्तरेला महाभारताचा आणि दक्षिणेला रामायणाचा पट आडव्या ओळींमध्ये कोरलेला आहे. म्हणजे या दोघांच्या कथा एकाच देवळाच्या दोन बाजूंना आहेत, आणि चित्रकथेच्या उघड्या पानांवर त्या जशाच्या तशा बसतात: डावे पान उत्तर, उजवे पान दक्षिण. दोघांनी आपापल्या भिंतीसमोर उभे राहावे असा माझा आराखडा होता. तिथे उभे राहिल्यावर तो चुकीचा वाटला. आपली कथा कोणी पुन्हा पाहायला जात नाही. विभीषण महाभारताच्या भिंतीसमोर रथांच्या आणि धनुर्धरांच्या ओळी पाहतो आणि अश्वत्थामा रामायणाच्या बाजूला जातो, असे केल्यावर दोघांच्या पाठमोऱ्या आकृत्यांत अर्थ आला.

दक्षिणेलाच कैलास हलवणाऱ्या रावणाचे ते प्रसिद्ध शिल्प आहे. वर शिव निवांत आहे, पार्वती त्याला बिलगली आहे आणि खाली खोल सावलीत रावण पर्वताला भिडला आहे. त्या सावलीमुळेच रावण दगडातून सुटा झाल्यासारखा वाटतो. विभीषण त्या बाजूला जाणार नाही, हे उघड होते. तो उत्तरेलाच थांबतो, आणि अश्वत्थामा परत आल्यावर काय सांगतो यावर सगळा प्रसंग अवलंबून होता. सांत्वन, उपदेश, दोन्ही लिहून खोडले. शेवटी शिल्पासमोर बसून जे दिसत होते तेच लिहिले: 'तो अजून उचलतोच आहे.' यावर विभीषण हसतो. भावाला सोडून आल्यानंतर त्याच्याविषयी कोणी अभिमानाने बोलल्याचे तो पहिल्यांदाच ऐकतो आहे, आणि ते बोलणारा मित्रासाठी सर्वस्व जाळून बसलेला माणूस आहे. दुसऱ्या कोणाला ते वाक्य म्हणण्याचा अधिकार नव्हता.

एक व्यावहारिक गोष्ट. मधोमध पिन मारलेल्या चोवीस पानी पुस्तिकेत 12 आणि 13 ही दोनच आतली पाने एका सलग कागदावर शेजारी छापली जातात. बाकी सर्व जोड्यांमध्ये चित्र दोन वेगवेगळ्या कागदांवर विभागले जाते आणि जोडणीत थोडेफार सरकतेच. मंदिराचे सलग चित्र त्यामुळे 12–13वरच यायला हवे होते, आणि ते आधी 14–15वर होते. नदीची दोन पाने गाळावी लागली. त्यांतले एक मला प्रिय होते, पण त्याच्याशिवाय कथा अडत नाही असे दिसल्यावर ते ठेवण्याचे कारण उरले नाही.

11 मे

उत्तरार्ध सैल पडला होता. वाचणारे म्हणत, 'दोघेही मरणार नाहीत, मग काळजी कशाची करायची?' अमरांच्या कथेवरचा हा रास्त आक्षेप आहे आणि युद्ध किंवा खलनायक आणून तो बुजवता येत नाही. मी एक कच्चा खलनायक काढून पाहिला, तो दोन पानांत मैत्रीच गिळून बसला.

उत्तर विष्णुपुराणात मिळाले. सध्याचे मन्वंतर, म्हणजे एका मनूचा कालखंड, सातवे, वैवस्वत. पुढच्या आठव्या, सावर्णि मन्वंतरातील सप्तर्षींमध्ये परशुराम, कृप, व्यास यांच्याबरोबर द्रोणपुत्राचेही नाव आहे. विभीषणाचे नाही. त्याला रामाने चंद्र-सूर्य असेपर्यंत लंकेत राज्य करण्याची आज्ञा दिलेली आहे. म्हणजे ज्याने झोपलेल्यांना मारले तो एक दिवस ऋषी होऊन वर जाणार, आणि ज्याने धर्म निवडला तो इथेच राहणार. या मैत्रीलाही शेवट आहे आणि तो दोघांना माहीत आहे.

हे सांगण्यासाठी संवाद लिहिलेला नाही. पान 20वर नदीकाठची रात्र आहे, वर सात तारे आहेत, अश्वत्थामा पाण्याकडे पाहतो आहे आणि विभीषण ताऱ्यांकडे. पुढच्या चौकटीत विभीषण बाटलीचे झाकण पुन्हा घट्ट करतो. ज्या वाचकाला पुराणातला संदर्भ माहीत नाही त्याच्यासाठी पान 19वर सप्तर्षींचा एका ओळीत उल्लेख केला आहे. त्याहून जास्त स्पष्टीकरण दिले असते तर ती रात्र उरली नसती.

8 जून

अक्षरजुळणीने सगळ्यांत जास्त वेळ खाल्ला. पहिला मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये बसवला होता; संगणक बदलताच जोडाक्षरे फुटली आणि रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसले. सर्व फुगे इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोडवर नव्याने केले. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा हा फॉन्ट घेतला आहे. देवनागरीत मात्रा वर आणि उकार खाली असल्यामुळे ओळींतले अंतर रोमन मजकुरापेक्षा जास्त ठेवावे लागते, म्हणून फुगे आधी काढून मजकूर नंतर कोंबण्याऐवजी मजकूर आधी बसवून त्याभोवती फुगा काढावा. जोर देण्यासाठी अक्षरे तिरकी करू नयेत. शिरोरेषा मोडल्यासारखी दिसते. ठळक अक्षरे पुरतात.

20 जुलै

शेवटची चार पाने बदलली. सरदार सरोवराच्या फुगवट्याखाली शूलपाणेश्वराचे जुने देऊळ बुडाले आणि नंदुरबार जिल्ह्यातील नर्मदाकाठची गावेही पाण्याखाली गेली. कथेतले वळणही तिथेच आहे, त्यामुळे शेवटची भेट सरोवराच्या काठी होणे भागच होते. शाप संपून दोन हजारांहून अधिक वर्षे झाली तरी येण्याआधी एक द्रोण पाण्यात सोडायचा हा विभीषणाचा शिरस्ता आहे. तो आल्याची ती वर्दी असते. साचलेल्या पाण्यात द्रोण वाहणार नाही, हे चित्र काढताना ध्यानात आले आणि शेवट हाती लागला. पहिल्या आराखड्यात द्रोण बुडत होता आणि त्यावर संपूर्ण पानाचे चित्र होते. ते फार गळेकाढू झाले. आता अश्वत्थामा काठावरून उठतो, कमरेइतक्या पाण्यात जातो आणि द्रोण हातात घेऊन पुढे, पलीकडच्या काठाकडे चालू लागतो. पूर्वी तेल त्याच्याकडे येत असे. यावेळी तो तेलाकडे जातो.

7 सप्टेंबर

पहिले प्रूफ आले तेव्हा छापखान्यातील संगणकावर फॉन्ट नसल्यामुळे सगळे फुगे चौकोनांनी भरले होते. पीडीएफ देताना मजकूर कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांचे चित्राकृतींत रूपांतर करूनच द्यावा आणि दुरुस्त्यांसाठी मूळ फाइल वेगळी जपून ठेवावी. रेखाचित्रे 600 डीपीआयला स्कॅन केली आहेत. 300ला रेघांच्या कडा दातेरी येत होत्या. पानाच्या कडेपर्यंत जाणाऱ्या चित्रांना चारही बाजूंनी 3 मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापणीत जाणारा जादा भाग दिला.

शंभर प्रतींना प्रतीमागे 48 रुपये पडले, मुखपृष्ठ रंगीत जाड कागदाचे धरून. कैलास मंदिराची जोडपाने नीट जुळली आहेत. आतला कागद 80 जीएसएमचा (दर चौरस मीटरला 80 ग्रॅम वजनाचा) घेतल्यामुळे पान 20वरची काळी रात्र मागच्या बाजूने उमटते आणि पान 19वरच्या चौकटींवर तिची सावली पडते. पुढच्या छपाईला 100 जीएसएम कागद सांगितला आहे; त्याने प्रतीमागे सुमारे पाच रुपये वाढतील. त्याच वेळी पान 5वरील रिकाम्या द्रोणांची चौकट थोडी मोठी करून घेणार आहे, कारण छापल्यावर त्यातले दूरचे द्रोण पाण्याच्या रेघांत हरवले आहेत.